जाहिरातीतली आई

त्या वर्षी शहरातल्या दुकानांच्या काचांवर आधी 'सूट' लागलं, मग 'मोठी सूट', आणि शेवटी 'जागा भाड्याने देणे आहे'. चलन रोज घसरत होतं, दुपारची वीज जात होती, आणि टीव्हीवर मात्र कधी नव्हे एवढे झेंडे फडकत होते. चहाची पूड, गाडीचे टायर, आंघोळीचा साबण, सगळं काही देशासाठी झालं होतं. हे झेंडे फडकवणाऱ्यांपैकी एक ती होती. एका जाहिरात कंपनीत ती मजकूर लिहायची.

चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिघं राहत: ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. इमारतीच उभ्या राहीनात तर लिफ्ट बसवणार कुठे? कंपनीने त्याला आधी अर्ध्या पगारावर ठेवलं, मग घरी बसवलं. त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तर कधीची बंद पडलेली. शेजारी त्याला जिन्यात गाठून म्हणायचे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो हसायचा. सुरुवातीला खरंखुरं, नंतर नुसते दात दाखवून.

सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. उभा जन्म कानाला यंत्र लावून लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेला. नुसता आवाज ऐकून त्या माणसाची कुंडली सांगायच्या. कुणाचा फोन आला की म्हणायच्या, सर्दी झालीय म्हणतो खरा, पण रडून उठलाय. त्यांचा नवरा तरुणपणीच गेला, मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं. त्यांच्या हातात दोन सोन्याच्या बांगड्या होत्या, त्या त्यांनी स्वतःच्या पगारातून केलेल्या. ना माहेरच्या, ना सासरच्या, हे त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवत. पीठ मळताना त्या काढून खिडकीत ठेवायच्या आणि हात धुतला की पुन्हा चढवायच्या.

नवऱ्याच्या डोक्यात एक बेत होता. नव्या लिफ्ट नसतील, पण जुन्या तर बिघडणारच. दुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप काढायचं. जागा पाहिली होती, भांडवल नव्हतं. मग स्वयंपाकघरात नळ सोडून दोघं हळू आवाजात वाद घालत. ती म्हणायची, आईंच्या बांगड्या आहेत, निदान विषय तरी काढ. तो म्हणायचा, आई नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागायच्या नाहीत. यापुढे ते बोलणं कधी सरकलं नाही.

तिच्या कंपनीचा मालक साठीला आलेला, कडक इस्त्रीतला माणूस. माघारी सगळे त्याला मेजर म्हणत. आयुष्यात त्याने बंदूक सोडा, काठीसुद्धा हातात धरली नव्हती, पण बोलणं सगळं आघाडीवरचं. मोहीम, हल्ला, माघार. मंदीत ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेव्हापासून उरलेल्यांना तो 'तुकडी' म्हणू लागला होता.

एक दिवस तो एका खाजगी बँकेचं काम घेऊन आला. लोकांच्या घरातलं सोनं बँकेला ठेवीत हवं होतं. योजनेचं नाव ठरलेलं होतं, 'मायभूमी ठेव'. बँकेचा जाहिरातप्रमुख मीटिंगला आला होता, बोलताना पेनाचं टोपण सारखं काढणारा आणि घालणारा, गोड बोलणारा माणूस. तिने त्याला विचारलं, या सोन्याचं बँक करणार काय? तो म्हणाला, अर्थव्यवस्थेत फिरवणार. तिने पुढे विचारलं नाही. तेव्हा तिला तेवढं उत्तर पुरलं.

तो गेल्यावर मेजरने तुकडीला समजावून दिलं. "घाबरलेल्या माणसाला काही विकता येत नाही," तो म्हणाला. "पण त्याला म्हणा, तू घाबरलेला नाहीस, तू सैनिक आहेस. मग कपाटाची किल्ली तो स्वतः आणून देतो. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. बँक सरकारी आहे असं कुठेही म्हणायचं नाही. मागे झेंडा फडकू द्या. उरलेलं लोक आपणहून समजून घेतात."

जाता जाता त्याने हेही सुचवलं, की ही मोहीम फसली तर तुकडी आणखी लहान करावी लागेल.

ती घरी आली तेव्हा सासूबाई पीठ मळत होत्या. बांगड्या खिडकीत होत्या, आणि मनगटावर त्यांच्या जागी त्वचेचा एक फिकट पट्टा दिसत होता. ती बघत राहिली. मग तिथेच टेबलाशी बसून तिने एका दमात सगळं लिहून काढलं.

नोकरी गेलेला मुलगा जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलाय. म्हातारी आई पिठाचे हात धुते, खिडकीतल्या बांगड्या उचलते, पण हातात घालत नाही, फडक्यात बांधते. मुलगा विचारतो, आई, हे कशाला? ती म्हणते, "अरे, देश म्हणजे दुसरं कोण? आपलीच लेकरं. तुमचे कारखाने सुरू झाले की माझे हात भरले." मग गंजलेलं फाटक उघडतं, भोंगा वाजतो, झेंडा फडकतो, आणि मुलगा डबा घेऊन आत जातो.

मेजरने ते वाचलं, चष्मा काढला आणि डोळे टिपले. तो खरोखर रडला होता. काही हलवाई स्वतःचीच मिठाई खाऊन लठ्ठ होतात, तसा तो होता.

आईचं काम एका जुन्या नटीने केलं. तिच्या हातातल्या बांगड्या पितळेच्या, चकाकी दिलेल्या. शूटिंग संपल्यावर सामान सांभाळणाऱ्याने त्या लगेच परत मागितल्या, तेव्हा ती म्हणाली, घे बाबा, नाहीतर मीपण नेऊन ठेवीन बँकेत. सगळे खो खो हसले. जाहिरात लिहिणारी तीही हसली.

जाहिरात लागली आणि लोकांच्या काळजाला भिडली. बँकेच्या शाखांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. बातम्यांत त्या रांगा दाखवल्या, त्यामुळे त्या आणखी लांबल्या. ओळीतल्या बायका नटीची वाक्यं एकमेकींना म्हणून दाखवत होत्या. रोजच्या भाववाढीपुढे हतबल झालेल्या माणसांना काहीतरी करता येत होतं, आणि ते करताना त्यांची मान ताठ होत होती. ऑफिसात मेजरने तिची पाठ थोपटली.

घरी सासूबाईंनी ती जाहिरात एकदा पाहिली. पुन्हा लागली तेव्हा त्यांनी आवाज मोठा केला. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली, तर सासूबाई दारातच उभ्या, चेहऱ्यावर समाधान, आणि दोन्ही मनगटं रिकामी.

"दिल्या," त्या म्हणाल्या.

तिला आधी कळेचना. मग कळलं आणि ती आत येऊन खुर्चीवर बसली. सासूबाई पाणी घेऊन आल्या, समोर बसल्या.

"तू तोंडाने मागितलं असतंस तरी मी दिल्या असत्या," त्या म्हणाल्या. "टीव्हीवरून सांगावं लागलं तुला, एवढी का मी परकी?"

"आई, काय बोलताय?"

"नळ सोडला की मला ऐकू येत नाही असं वाटतं होय तुम्हाला? अगं, तारांच्या खरखरीतून मी माणसं ऐकलीत. सगळं कळत होतं मला. तो मागणार नाही, तू बोलणार नाहीस. मग ती बाई टीव्हीवर बोलली, आणि मी लगेच ओळखलं, हा आमच्या हिचा आवाज."

"ती जाहिरात आहे, आई."

"म्हणजे?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. म्हणजे ते लिहायचे मला पैसे मिळतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण म्हातारीचा उजळलेला चेहरा समोर होता. ती म्हणाली, "म्हणजे ती सगळ्यांसाठी असते."

"तेच तर. एक वर्कशॉप काढून याचं एकट्याचं किती दिवस भागणार? सगळ्यांचे कारखाने चालले तर याचाही चालेल. आणि तू लिहिलंस म्हणजे विचारून-सवरूनच लिहिलं असशील."

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची, एकटीच. सगळी इमारत तिला शिलाईताई म्हणायची. सासूबाईंनी तिलाही बरोबर नेलं होतं आणि तिने गळ्यातली साखळी ठेवली होती. आमच्या सुनेनं लिहिलंय, खोटं कसं असेल, असं सासूबाईंनीच तिला सांगितलं होतं.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. नळ न सोडता, सरळ म्हणाला, "मी मागितल्या नाहीत. तू मागितल्यास." मग बूट घालून जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी ती बँकेच्या मुख्य कचेरीत त्या जाहिरातप्रमुखाकडे गेली. म्हणाली, घरच्यांची चूक झाली, ठेव मोडून द्या. त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली, पेनाचं टोपण काढलं. मुदतीआधी ठेव मोडता येत नाही, आणि दागिने तसेच थोडेच ठेवतात, ते वितळवायला जातात, हे त्याने अगदी आपुलकीने सांगितलं. मग तो थांबला, आणि त्याचे डोळे लकाकले. "पण काय सुंदर गोष्ट आहे ही," तो म्हणाला. "लिहिणारीच्याच घरची आई!"

ती ऑफिसात पोचायच्या आत त्याचा मेजरला फोन गेला होता. मेजर दारातच वाट बघत होता. आता नटी नको, खरी आई दाखवू. तिने नाही म्हटलं. मेजरने तिला धमकी वगैरे दिली नाही. त्याने तिच्या नवऱ्याच्या नोकरीची चौकशी केली, हळहळ व्यक्त केली, आणि म्हणाला की अशा दिवसांत निदान घरातला एक पगार तरी सुरक्षित पाहिजे. बाईंनाच विचार ना, त्यांची इच्छा नसेल तर राहिलं.

बाईंची इच्छा होती. "जन्मभर लोकांनी माझा आवाज ऐकला," सासूबाई म्हणाल्या. "तोंड कुणी बघितलं नाही."

शूटिंग घरातच झालं. चौथ्या मजल्यावर दिवे, वायरी आणि कॅमेरे चढवताना पोरांचा घाम निघाला. मेकअपवाल्या मुलीला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. त्या खिडकीशी बसल्या आणि तिने लिहिलेली वाक्यं अशी बोलल्या, की ती लिहिलेली वाटलीच नाहीत. सगळं संपलं असं वाटत असताना त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत मनानेच एक वाक्य जोडलं: "मी दिलं, तुम्हीही द्या. जबाबदारी माझी."

संपादनाच्या खोलीत ती मेजरला म्हणाली, शेवटचं वाक्य काढू या. मेजर म्हणाला, वेडी का काय, सोनं तर तेच आहे. वाक्य राहिलं.

काही आठवडे सासूबाई रस्त्याने चालल्या की लोक वळून बघत. दुकानदार त्यांना आधी माल देत. त्या लाजत, पण पदराआड हसत, आणि मुलाला सांगत की बघ, होईल आता सगळं सुरळीत.

मग एका सकाळी बँकेची दारं उघडलीच नाहीत. दारावर एक कागद होता आणि कागदासमोर पोलीस. बँकेने ते सोनं परदेशात तारण ठेवून आपलं जुनं कर्ज भागवलं होतं आणि आता बँकच बुडत होती. कुठला कारखाना नाही, कुठलं फाटक नाही. सरकारने जाहीर केलं, की ही खाजगी बँक, आम्ही कधी हमी दिली होती? ते खरंच होतं. जाहिरातीतही तसं कुठे म्हटलेलं नव्हतं.

लोक बँकेच्या मालकापर्यंत पोचू शकत नव्हते. मेजरचं नाव बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, तिचं तर नव्हतंच. ठाऊक होता तो एकच चेहरा. लोक जिना चढून यायला लागले. पहिल्या दिवशी काहींनी शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्याने दाराला लाथ मारली. सासूबाईंनी दार प्रत्येक वेळी स्वतः उघडलं. मुलाला पुढे होऊ दिलं नाही.

शिलाईताई शेवटी आली. ती ओरडली नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "मावशी, डोळे अधू होत चाललेत. हातून शिवण सुटली की त्या साखळीवर म्हातारपण काढायचं होतं. तुम्ही म्हणालात, जबाबदारी माझी." आणि खाली निघून गेली.

सासूबाईंनी दार लावलं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. शपथ."

"विचारलं होतंस?"

"एकदा. ते म्हणाले, फिरवणार."

"मग?"

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू समोरची व्यक्ती दिसायला नको, नुसती ऐकू यायला हवी. पण ऐकण्यासारखं काही तिच्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज बँकेपुढे जाऊन बसू लागल्या, ठेवीदारांच्या घोळक्यात. लोकांना ते रुचेना. 'जाहिरातवाली आली' म्हणून बायका सरकून बसत. एकीने उरलेला चहा त्यांच्या अंगावर टाकला. त्यांनी रुमालाने पदर पुसला आणि बसून राहिल्या. बातम्यांच्या माणसाने माईक पुढे केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की शब्द माझे नव्हते, पण तोंड माझं होतं, म्हणून बसलेय. कुणी लिहिले, असं त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

ते तिने ऑफिसातल्या टीव्हीवर पाहिलं. मेजर तिच्या मागेच उभा होता. तो म्हणाला, म्हातारी ग्रेट आहे हं. आणि मग कामाचं बोलला. एक मोठी बँक बुडणाऱ्या बँकेला पोटात घेणार होती, पण तोवर लोकांनी दंगा करता कामा नये. त्यासाठी नवी मोहीम हवी होती. विषय, संयम. तिने म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला द्या. मेजरने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि विचारलं, कुणाला?

नवरा त्या दिवसांत एका गोदामात रोजंदारीवर खोकी चढवायला जात होता. संध्याकाळी तिने त्याला विचारलं, काय करू? तो पाठीला शेक घेत होता. म्हणाला, "मला विचारून काय करतेस. घरात पगार तुझा आहे." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तिने लिहिलं. वाईट लिहायचा तिने प्रयत्नही करून पाहिला, पण हाताला तशी सवय नव्हती. रांगेत उभे असलेले लोक, त्यांच्यात पाणी वाटणारी एक तरुण मुलगी, लांबवर पहाट, झेंडा. "जो देश वाट बघू शकतो, तो देश जिंकतो." जाहिरात चांगली झाली. बँकेपुढची गर्दी खरोखर कमी झाली, कारण आता तिथे बसणं म्हणजे उतावळेपणा, आणि उतावळेपणा म्हणजे देशद्रोह, असं लोकच एकमेकांना सांगायला लागले. शेवटी शेवटी तिथे मोजकी माणसं उरली, त्यांत सासूबाई होत्या.

सासूबाईंनी नवी जाहिरात शिलाईताईच्या खोलीत पाहिली. त्या आता बँकेपुढून परतल्या की दुपारी तिच्याकडे जाऊन काजं-बटणं करून देत, दोरा ओवून देत. कुणाचं बोलणं आहे ते विचारण्याची त्यांना गरज नव्हती. त्या वर आल्या, आपली चार लुगडी, चष्म्याची पेटी आणि औषधं एका पिशवीत भरली. मुलाला म्हणाल्या, गुडघे दुखतात, रोजचे जिने झेपत नाहीत, ताईच्या खोलीत एक खाट मावते. पेन्शन तिला देणार आहे, तिचं देणं आहे माझ्यावर. मुलगा रडला. त्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. सुनेचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पुढे मोठ्या बँकेने ठेवीदारांना कधीतरी, काहीतरी देऊ असं कळवलं. नवऱ्याला दुसऱ्या शहरात लिफ्टच्या देखभालीचं काम मिळालं. तो महिन्यातून एकदा येतो, आल्यावर आधी खाली आईकडे जेवतो आणि मग वर येतो. मेजरच्या कंपनीला संयमाच्या मोहिमेबद्दल मोठ्या हॉटेलात बक्षीस मिळालं. तिचा पगार वाढला.

मध्यंतरी शिलाईताईकडून कळलं की सासूबाईंना ताप आहे. ऑफिसला जाताना तिने पातळ खिचडी करून डबा भरला आणि खाली गेली. दार उघडंच होतं. सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर कुणाचा तरी सदरा, हातात सुई. तिने हाक मारली, आई.

सासूबाईंनी मान वर केली. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती.

"ठेवा तिथे," त्या स्वच्छ, नम्र आवाजात म्हणाल्या. "आभारी आहे. तुम्हाला उशीर होत असेल."

तिने डबा ठेवला आणि निघाली. उशीर झालाच होता. साबणाच्या कंपनीचे लोक मीटिंगला येऊन बसले होते.